घमेल्यातला तलाव : सातवीच्या मुलांनी केलेल्या फिल्मचा प्रकरण अभ्यास

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा. पहिली ते सातवी, सातवीच्या वर्गात वीसेक मुलं. गावाला लागून एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्याच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. घरोघरी झाडीबोली, काही घरांत गोंडी. साधनं म्हणाल तर विजेच्या मर्जीने चालणारा एक टीव्ही आणि वर्गशिक्षकांचा स्वतःचा मोबाईल.

पोळा झाल्यावर, धानाच्या रोवणीच्या दिवसांतली गैरहजेरी ओसरली तेव्हा, सरांनी सातवीत एक प्रकल्प हाती घेतला. गावच्या तलावावर मुलांनीच फिल्म करायची, ध्वनिमुद्रण करायचं, प्रतिकृती करायची आणि ज्याची जी शिकण्याची शैली त्याला ते काम द्यायचं. गटसाधन केंद्राच्या कामामुळे माझं तिथे येणं-जाणं होतं, त्यामुळे सुरुवातीपासून दिवाळीनंतरच्या तोंडी परीक्षेपर्यंत हे प्रकरण जवळून पाहता आलं. प्रकल्पाचा उपयोग झाला, हे आधीच सांगतो. मात्र प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरलेली शैली असते, या ज्या गृहीतकावर सरांनी तो उभा केला होता ते सुरुवातीलाच कोसळलं, आणि उपयोग व्हायला लागला तो त्यानंतर.

भिंतीवरचा तक्ता

सरांकडे एका प्रशिक्षणातून आलेली प्रश्नावली होती. अनोळखी ठिकाणी जायचं असेल तर तुम्ही नकाशा बघता, कोणाला विचारता, की सरळ चालायला लागता? फोन नंबर कसा लक्षात ठेवता? उत्तरांवरून मुलांचे तीन रकाने झाले : दृश्य, श्राव्य, कृतिशील. कार्डशीटवर रंगीत पेनाने नावं लिहून तक्ता भिंतीवर लागला. (ज्या मुलांना शिवारातली प्रत्येक पांदण पाठ आहे त्यांना नकाशाचा प्रश्न विचारण्यात काय हशील, असं मनात आलं. पण प्रश्नावली इथल्या कोणी बनवलेलीच नव्हती.)

तक्ता लागल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, आठवड्याभराने गंमत म्हणून तीच प्रश्नावली पुन्हा दिली तर काही मुलांचे रकाने बदलले. दुसरी जास्त काळजीची होती. वाचनात मागे असलेला एक मुलगा श्राव्य रकान्यात गेला होता. मराठीच्या तासाला उतारा वाचायची त्याची पाळी आली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, मी तं श्राव्य आहो. वाचाचं त्याले सांगा ना." वर्ग हसला. तो मात्र चेष्टा करत नव्हता. त्याला एक अधिकृत सवलत मिळाली होती आणि तो ती वापरत होता. ज्या मुलाला वाचनाचा सराव सगळ्यात जास्त हवा, नेमका तोच त्यातून सुटत होता.

ही कल्पना आली कुठून, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण आपल्या प्रशिक्षणांत ती सिद्ध झालेल्या गोष्टीसारखी मांडली जाते. पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करून शिकणारे अशी विभागणी करणारी व्हार्क ही प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये तयार केली. अशा मांडण्या पुढे इतक्या झाल्या की २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी आढावा घेतला तेव्हा त्यांना एकाहत्तर सापडल्या. मग २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला : हे खरं आहे हे कसं तपासायचं? मुलांचे प्रकार पाडा, प्रत्येक प्रकारातल्या काहींना त्यांच्या शैलीने आणि काहींना दुसऱ्या शैलीने शिकवा, शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्या. शैलीचा सिद्धांत खरा असेल तर ज्याला त्याच्या शैलीने शिकवलं तो पुढे जायला हवा. अशा पद्धतीने केलेले अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यांतलेही अनेक सिद्धांताच्या विरुद्ध जाणारे निघाले. आपल्याकडे याच्याशी हॉवर्ड गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्ता (बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, ही मांडणी), १९८३ ची, सर्रास जोडली जाते. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये लिहून स्पष्ट केलं आहे.

सरांशी हे बोललो तेव्हा त्यांचं उत्तर मला रास्त वाटलं. तक्ता चुकीचा असेलही, पण निदान त्याच्या निमित्ताने पोरं कामाला तर लागली, असं ते म्हणाले. त्यांनी तक्ता काही दिवस राहू दिला.

तलावच का

नकाशे आणि जलस्रोत पाठ्यपुस्तकात आहेतच, पण विषय निवडायला आणखी एक कारण होतं. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पटेल कोहळी यांनी बांधल्याचं परंपरा सांगते. पुढे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, आली. १९५० च्या कायद्याने ती गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता, तो १९५६ पर्यंत. पाणी कोणाचं, पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची, डागडुजी कोणी करायची, गाळ कोणी काढायचा, या प्रश्नांची उत्तरं तेव्हापासून विस्कटली. मुलं रोज या तलावाच्या पाळीवरून शाळेत येतात, तरी तो मुद्दाम बांधलेला आहे, आपसूक साचलेला नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

घमेलं

तक्त्याप्रमाणे तीन गट झाले. दृश्य गटाने तलावाचं मोठं रंगीत चित्र काढायचं आणि त्यावरून मोबाईलवर फिल्म करायची. श्राव्य गटाने म्हाताऱ्या माणसांशी बोलून ध्वनिमुद्रण करायचं. कृतिशील गटाने प्रतिकृती करायची.

चित्र देखणं झालं. एका मुलीचा हात फार चांगला आहे. पाळ, पाळीवरची झाडं, पाणी सोडायचं तुडुम, त्यातून निघणारी नहर, खाली हिरव्या बांध्या, आणि पाळीच्या टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा. प्रत्येक नाव सुवाच्य अक्षरात. केंद्राच्या बैठकीत दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. श्राव्य गटानेही एक वाक्य ठसक्यात म्हणून रेकॉर्ड केलं होतं : "पावसाळ्यात तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी सांडव्यातून वाहून जातं." बिनचूक वाक्य.

कृतिशील गटाने घमेल्यात माती भरली, मधे खोलगट केलं, हाताने थापून पाळ उचलली. रिकाम्या पेनाची नळी तुडुम म्हणून पाळीत बसवली. सांडवा चित्रात बघूनच केला. मग मगाने पाणी ओतायला सुरुवात झाली आणि दृश्य गटातला एक जण मोबाईल धरून उभा राहिला.

पाणी चढलं. नळीतून बारीक धार लागली, सगळे ओरडले. पाणी आणखी चढलं, पाळीच्या माथ्याला आलं, आणि सांडव्याकडे न जाता मधेच, जिथे माती जरा दबली होती तिथून वरून सांडलं. आधी बोटभर ओघळ. त्या ओघळाने माती नेली, चीर रुंदावली, आणि बघता बघता अर्धी पाळ घमेल्याबाहेर आली. जवळच्या पोरांचे पाय चिखलाने माखले. मोबाईल धरणारा "सर, पाळ फुटली!" म्हणून ओरडला, तो आवाज फिल्ममध्ये आहे.

सगळ्यांनी आधी प्रतिकृतीवाल्यांना दोष दिला, की माती नीट थापली नाही. पुन्हा थापली, पुन्हा फुटली. तेव्हा कृतिशील गटातल्या एका मुलीने चित्र उचलून घमेल्याशेजारी धरलं. चित्रात सांडव्याचं तोंड पाळीच्या माथ्याच्या अगदी बरोबरीला होतं. यांनी तसंच केलं होतं. सांडवा आणि पाळ एकाच उंचीवर असतील तर पाण्याने सांडव्यातूनच का जावं? ते वाटेल तिथून जाईल, आणि मातीची पाळ वरून वाहणारं पाणी सोसत नाही.

चित्रातली ही चूक कोणालाच दिसली नव्हती. नावं बरोबर असल्यामुळे चित्र बरोबर वाटलं. सरांनी श्राव्य गटाला विचारलं, तुम्ही म्हणता जास्तीचं पाणी सांडव्यातून जातं. जास्तीचं म्हणजे किती वर आलेलं? उत्तर नव्हतं. वाक्य पाठ होतं, त्यामागचं चित्र डोक्यात नव्हतं. तीन गटांनी तीन शैलींत तीन कामं केली होती, आणि सांडवा नेमका काय करतो हे तिघांनाही कळलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या सोयीच्या माध्यमात आपलं अज्ञान व्यवस्थित झाकून ठेवलं होतं.

अदलाबदल

इथून सरांनी रीत बदलली. तक्ता काढला आणि नियम केला की कोणत्याही गटाने आपलंच काम पुढे न्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं आणि ते वेगळ्या माध्यमात मांडायचं. ध्वनिमुद्रण ऐकून चित्र काढायचं. प्रतिकृती बघून, हात न लावता, फक्त बोलून समजावायची. चित्रावरून प्रतिकृती करायची आणि जिथे चित्र काही सांगत नाही तिथे चित्रकाराला जाऊन विचारायचं.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम या अदलाबदलीत झालं. बोलताना "ते पाणी तिकडून जाते" असं म्हणून निभावता येतं. चित्र काढायला बसलं की 'तिकडून' म्हणजे नेमकं कुठून ते ठरवावंच लागतं. चित्रात उंची गुंडाळता येते. मातीत येत नाही. मातीत कारण सांगावं लागत नाही, बोलताना लागतं. प्रत्येक माध्यम वेगळ्या ठिकाणी पकडतं. शब्द आणि चित्र या दोन वाटांनी आलेली गोष्ट स्मरणात पक्की बसते, ही मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांची मांडणी १९७१ पासून चर्चेत आहे, आणि शब्दांच्या जोडीला योग्य चित्र असलं की नुसत्या शब्दांपेक्षा समज चांगली येते हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. यातलं काहीही 'दृश्य' मुलांपुरतं मर्यादित नाही. आणि माध्यम निवडायचंच तर ते विषयाकडे पाहून निवडावं. सांडव्याच्या उंचीला माती हवी. पाणीवाटपाच्या जुन्या पद्धतीला माणसाचा आवाज हवा.

तो आवाज मिळाला. पूर्वी तुडुम उघडण्या-लावण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते एक आबाजी गावात आहेत. घमेल्याचा व्हिडिओ पाहून ते हसले आणि म्हणाले, "पारीवरून पानी गेलं का तलाव गेला." मग सांडवा पाळीपेक्षा खाली का ठेवतात, तुडुम कधी आणि किती उघडायचं, शेवटच्या बांधीला पाणी पोचल्याशिवाय वरच्याने दुसऱ्यांदा का घ्यायचं नाही, असं बरंच सांगितलं. आधी मुलं त्यांच्याकडे जाऊन आलीच होती, पण तेव्हा विचारायला प्रश्न नव्हते. 'तलावाचं महत्त्व सांगा' म्हटल्यावर आबाजींनीही भाषणासारखं काहीतरी सांगून वाटेला लावलं होतं. पाळ फुटल्यावर गेलेल्या मुलांचे प्रश्न निराळे होते.

मोबाईल कोणाच्या हातात

एकच मोबाईल असला की तो दोन-तीन मुलग्यांच्या हातात जातो आणि मुलींच्या वाट्याला लिहिणं येतं. इथेही तेच झालं. सरांनी पाळ्या लावल्या, तरी पाळी मुलीची असली की शेजारी उभा राहून "असं धर, तसं धर" सांगणारा मुलगा असायचाच. शेवटी नियम झाला : मोबाईल धरणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. पहिले दोन दिवस चित्रीकरण हललेलं, तिरपं आलं. मग सुधारलं.

दुसरा प्रश्न जोडणीचा. किनेमास्टर या ॲपवर तुकडे जोडायला सर रात्री स्वतः बसायला लागले होते, कारण मुलांचं काम ओबडधोबड दिसायचं. सुबक दिसणारी फिल्म गुरुजींची असते, हे आपल्याकडच्या स्पर्धांमधून सर्वांना ठाऊक आहे. सरांनी ते वेळीच थांबवलं. कुठला तुकडा ठेवायचा आणि कुठला टाकायचा यावर मुलांची भांडणं झाली, आणि ती भांडणं म्हणजेच उजळणी होती : हा तुकडा काढला तर तुडुम काय ते कळेल का? पाळ फुटल्याचा तुकडा ठेवायचा यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

संगीताचा मोह अनावर. पहिल्या जोडणीत आबाजींच्या बोलण्याखाली ढोलकी वाजत होती. त्यांनाच ऐकवली तेव्हा स्वतःचं बोलणं त्यांना समजेना. ढोलकी गेली. अनावश्यक संगीत आणि सजावट शिकण्यात अडथळा आणते हे मेयर यांचं तत्त्व मुलांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही पडली नाही. बाकी अडचणी नेहमीच्या : पाळीवर वारा असल्याने आवाज घोंघावतो, म्हणून निवेदन वर्गात खिडक्या लावून केलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं की चित्र फाटतं, म्हणून फाइल केबलने पेन ड्राइव्हवर घेतली.

ज्यांना माध्यम खरोखर वेगळं लागतं

शैलीचा तक्ता काढला म्हणजे सगळी मुलं सारखी झाली, असा अर्थ कोणी काढू नये. वर्गात एक मुलगी अंधुक दृष्टीची आहे. तिला ध्वनिमुद्रण लागतं, मोठ्या ठळक रेषांचं चित्र लागतं, घमेल्यातली पाळ बोटांनी चाचपून बघावी लागते. ही आवडनिवड नव्हे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला दिलेला अधिकार आहे. गंमत अशी की प्रश्नावलीने तिला दृश्य रकान्यात टाकलं होतं. तिला चित्रं आवडतात. पाळीच्या माथ्यावर बोट फिरवून सांडव्याकडचा उतार सगळ्यांत आधी बरोबर सांगितला तो तिने.

गोंडी बोलणाऱ्या एका मुलाची गोष्टही शैलीच्या रकान्यात मावणारी नव्हती. तो कृतिशील म्हणून नोंदला गेला, कारण वर्गात बोलतच नव्हता. घरी आजीला तलावाबद्दल विचारून गोंडीत रेकॉर्ड कर, मग त्याचं मराठी आपण मिळून करू, असं सांगितल्यावर जवळपास सर्वांत लांब मुद्रण त्याने आणलं. त्याची अडचण भाषेची होती.

मासोऱ्या

दिवाळीच्या सुटीआधी एका शनिवारी फिल्म पालकांना दाखवली. टीव्हीने साथ दिली. फिल्म संपल्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एक आई उठून म्हणाल्या, "गुरुजी, तलाव तं दाखवला. मासोऱ्या कोठी हायेत?" फिल्ममध्ये तलाव म्हणजे धानाचं पाणी, एवढंच होतं. मासेमारी नव्हती, शिंगाडा नव्हता, काठाने माजलेल्या बेशरमीच्या झुडपांनी जाळं टाकणं कसं अवघड झालंय तेही नव्हतं. वर्गात ढिवरांची मुलं असून त्यांच्यापैकी कोणी हे सुचवलं नव्हतं, किंवा सुचवलं असेल तर बांधीवाल्यांच्या मुलांच्या गलबल्यात ते ऐकू गेलं नाही. शेवटी तलाव पूर्ण रिकामा होईस्तोवर तुडुम उघडं ठेवायचं की माशांसाठी पाणी राखायचं, हा गावातला खरा वाद आहे. सुटीनंतर फिल्मला जोड दिली गेली. ती मूळ फिल्मपेक्षा लांब झाली आणि, माझ्या मते, चांगलीही.

काय शिकले, किती शिकले

सुटीनंतर सरांनी प्रत्येकाला एकेकट्याने बोलावून, समोर चित्र न ठेवता विचारलं : सांडव्यावर मातीच्या गोण्या रचून तोंड उंच केलं तर काय होईल, आणि तरी लोक तसं का करतात? वर्गात हा प्रश्न कधी झाला नव्हता. बहुतेकांनी पहिल्या भागाचं उत्तर कारणासह दिलं. कित्येकांनी बोलता बोलता हाताने हवेत पाळ काढली. दुसऱ्या भागाला, म्हणजे जास्त पाणी अडवायचा लोभ आणि त्यातला धोका, निम्म्याहून कमी मुलं पोचली. वाचनात मागे असलेल्या त्या मुलाने दोन्ही सांगितले. त्याच्या वाचनात मात्र फार फरक पडलेला नाही; निवेदनाची संहिता वाचून त्याने सराव केला, तेवढाच.

तुलनेला दुसरा वर्ग नव्हता, त्यामुळे हे सगळं प्रकल्पामुळेच झालं असा दावा करता येत नाही. वेळही भरपूर खर्ची पडला. गणिताचा एक घटक मागे राहिला आणि तो भरून काढायला जादा तास घ्यावे लागले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकाने विचारलं की प्रत्येक पाठाला असं करायचं तर वर्ष पुरेल का. पुरणार नाही, आणि करूही नये. ज्या घटकात एखादी गोष्ट शब्दांत बरोबर आणि डोक्यात चूक राहू शकते, अशा वर्षातल्या दोन-तीन घटकांसाठी ही मेहनत वाजवी आहे. आणि तेव्हाही घमेल्याइतकं स्वस्त काही असेल तर मोबाईल नंतर काढावा.

प्रगती नोंदींत मुलाची शिकण्याची शैली लिहा, असा रकाना काही नमुन्यांत अजून येतो. सर आता तिथे रकान्याला सोडून मजकूर लिहितात : ऐकून काढलेल्या चित्रात उंची चुकते, करून पाहिल्यावर दुरुस्त करते. तपासणाऱ्यांनी अजून हरकत घेतलेली नाही. यंदाच्या सातवीला ते पूर्ण झालेली फिल्म दाखवणार नाहीत. आधी ते रंगीत चित्र देणार आहेत, जसंच्या तसं, आणि सोबत एक रिकामं घमेलं.